डिझेल पिकअपसाठी जादा गेज: निवड, जोडणी आणि वाचन

या पाठात काय शिकाल

१. कंपनीचे मीटर असताना जादा गेज कशासाठी लावायचे, हे सांगता येईल.
२. कूलंटचे तापमान, इंजिन ऑइलचा दाब, व्होल्टेज, एक्झॉस्टचे तापमान आणि बूस्ट या पाच मापांचा अर्थ समजेल.
३. आपल्या गाडीला कोणते गेज आधी लावावे याचा क्रम ठरवता येईल.
४. सेन्सर कुठे बसवावा आणि जोडणीतल्या कोणत्या चुका फसवे आकडे दाखवतात, हे ओळखता येईल.

प्रस्तावना

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स यांसारख्या डिझेल पिकअपवर हजारो घरांचा रोजगार चालतो. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. इंजिन जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेल्या भाड्याचा तोटा एकदम येतो, आणि हप्ता तर थांबत नाहीच. गॅरेजमध्ये ज्यांना आपण नुसते ‘मीटर’ म्हणतो ते जादा गेज या नुकसानीची सूचना आधी देऊ शकतात. पण डॅशबोर्डवर तीन-चार चकचकीत तबकड्या बसवल्या म्हणजे इंजिन वाचले असे होत नाही. चुकीचे गेज किंवा चुकीच्या जागी बसवलेला सेन्सर खोटा धीर देतो. म्हणून या पाठाचा मुख्य प्रश्न असा आहे: कोणता बिघाड, किती वेळात, किती नुकसान करतो, आणि त्याआधी कोणता काटा हलतो?

उदाहरणासाठी आपण झाशीच्या सदर बाजारातून माल भरून निघणारी पिकअप घेऊ. सदर बाजार ही झाशीच्या छावणीतील बाजारपेठ. झाशीला राष्ट्रीय महामार्ग २७ आणि ४४ एकत्र येतात, त्यामुळे इथून भरलेली गाडी शिवपुरी, ललितपूर, मऊरानीपूर, कानपूर अशा चारही दिशांना जाते. मे महिन्यात इथले तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ शकते. चंद्रपूर, अकोला, जळगाव इथल्या उन्हाळ्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल, आणि इथले हिशेब तिकडेही लागू पडतील.

१. कंपनीचे मीटर पुरेसे का पडत नाही?

कंपनीच्या तापमानाच्या काट्याची हालचाल मुद्दाम मंद केलेली असते. अनेक गाड्यांत कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठेही असले तरी काटा मध्यावरच राहतो. काटा जरा हलला की ग्राहक घाबरून गॅरेजमध्ये येतो, हे टाळण्यासाठी तशी रचना केलेली असते. परिणाम असा की काटा मध्य सोडून वर सरकू लागतो तेव्हा बराचसा मोकळा वेळ संपलेला असतो.

ऑइलच्या दिव्याचेही तसेच. तो दाब मोजत नाही. दाब ठरावीक मर्यादेखाली, बहुतेक गाड्यांत सुमारे ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की एक स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. तंदुरुस्त इंजिनात २,४०० फेऱ्यांना दाब समजा ३.५ बार आहे. तो ३.५ वरून १ बारवर आला तरी दिवा लागणार नाही. त्या वेळी बेअरिंगना वंगण कमी पडत असते आणि चालकाला काहीच कळत नाही.

थोडक्यात, दिवा ‘झाले’ एवढे सांगतो. ‘होऊ लागले आहे’ हे आकडा दाखवणारे गेज सांगते.

२. निवडीची कसोटी

कोणतेही गेज घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

* हा बिघाड झाला तर नुकसान किती मोठे? हेड गॅस्केट, क्रँकचे बेअरिंग आणि टर्बो यांचे नुकसान मोठे. नुसती बॅटरी उतरणे त्यामानाने लहान.
* काटा हलल्यापासून नुकसान होईपर्यंत किती वेळ मिळतो? ऑइलचा दाब गेला तर सेकंद मिळतात. कूलंट तापत असेल तर बहुधा काही मिनिटे.
* काटा हलला तर चालक काय करणार? उत्तर ठरलेले नसेल तर ते गेज केवळ शोभेचे आहे.

३. उन्हाळा, धूळ आणि वारा: इंजिनावर काय परिणाम होतो?

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवेचा थ्रॉटल ताकद ठरवत नाही. हवा जवळजवळ मोकळी आत येते आणि डिझेल किती टाकले यावर ताकद ठरते. म्हणून हवा कमी आणि डिझेल तेवढेच असेल, तर ज्वलन अधिक गरम होते आणि धूर काळा येतो.

*सोडवलेले उदाहरण १.* हवेचे तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तर हवेची घनता किती घटते?

दाब तोच असताना घनता ही केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते.
२५ अंश = २९८ केल्विन, ४५ अंश = ३१८ केल्विन.
२९८ ÷ ३१८ = ०.९३७

म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या हवेत सुमारे ६ टक्के हवा कमी. टर्बो आणि इंटरकूलर ही घट काही अंशी भरून काढतात, पण गरम हवेत इंटरकूलरचेही काम मंदावते. बुंदेलखंडात दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. त्या धुळीने एअर फिल्टर तुंबला की हवा आणखी घटते.

*सोडवलेले उदाहरण २.* उन्हाळ्यातली लू साधारण पश्चिमेकडून वाहते. झाशीहून पूर्वेकडे, मऊरानीपूरच्या दिशेने, गाडी ताशी ५० किलोमीटरने जात आहे आणि मागून वारा ताशी २० किलोमीटरचा आहे. रेडिएटरला समोरून मिळणारा वारा किती?

५० − २० = ताशी ३० किलोमीटर.

उलट शिवपुरीकडे, पश्चिमेला जाताना तोच वारा समोरून येतो आणि रेडिएटरला ताशी ७० किलोमीटरचा झोत मिळतो. पण त्या वाऱ्याला कापत जायला इंजिनाला जादा ताकद लावावी लागते आणि रस्ताही चढता जातो, कारण शिवपुरी झाशीपेक्षा उंचावर आहे. म्हणजे एकीकडे थंडावा कमी, दुसरीकडे उष्णता जास्त. कोणत्या वेळी काय चालले आहे हे अंदाजाने कळत नाही; आकडा पाहावा लागतो.

४. पहिले गेज: कूलंटचे तापमान

बहुतेक पिकअपना सगळ्यात आधी हेच गेज लावावे.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. गाडी चालू असताना ८५ ते ९५ अंश नेहमीचे समजावे. भार आणि चढ असताना १०० च्या आसपास थोडा वेळ गेला तर लगेच घाबरू नये. १०५ च्या वर जाऊन वाढतच राहिला तर कृती करावी. गाडीच्या पुस्तकात वेगळे आकडे दिले असतील तर ते प्रमाण मानावेत.

*झाकणाचा दाब.* झाशी समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंच आहे. तिथे साधे पाणी उघड्या भांड्यात सुमारे ९९ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण ०.९ बार दाब धरत असेल तर आतले साधे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग सैल झाली की जवळपास १९ अंशांची सवड नाहीशी होते. गेजवर १०२ अंश हा आकडा चांगल्या झाकणाच्या गाडीत सुरक्षित आहे. सैल झाकण आणि साधे पाणी असलेल्या गाडीत तोच आकडा उकळीचा आहे. म्हणून गेज लावताना झाकण तपासावे आणि शिफारस केलेले कूलंट भरावे. कूलंटमधील ग्लायकॉल उकळीचा बिंदू आणखी वर नेते आणि गंजापासूनही वाचवते.

*सेन्सरची जागा.* सेन्सर इंजिनातून गरम पाणी बाहेर पडते तिथे, म्हणजे हेडजवळ, थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडील बाजूला असावा. रेडिएटरच्या खालच्या पाइपात बसवला तर तो थंड होऊन परत येणारे पाणी मोजेल आणि इंजिन तापले तरी कमी आकडा दाखवेल.

*काट्याचे खोटे.* हा मुद्दा नीट समजून घ्या. पाइप फुटून कूलंट निघून गेले तर सेन्सरभोवती पाणी राहत नाही. तो हवा किंवा वाफ मोजतो, आणि त्यांच्याकडून उष्णता सेन्सरला नीट पोहोचत नाही. म्हणून काटा एकदम खाली येऊ शकतो. चालकाला वाटते इंजिन गार झाले. प्रत्यक्षात हेड भाजत असते. चढावर, भार असताना तापमानाचा काटा कारण नसताना झपाट्याने खाली आला तर ती धोक्याची खूण समजावी. यावर स्वस्त उपाय म्हणजे कूलंटची पातळी घटली की वाजणारा अलार्म. दुसरा मार्ग म्हणजे हेडच्या धातूचे तापमान मोजणारा सेन्सर, कारण पाणी गेले तरी धातू तिथेच असतो. तापमानाच्या गेजसोबत यांपैकी एक असावे.

५. दुसरे गेज: इंजिन ऑइलचा दाब

ढोबळ नियम असा की दर १,००० फेऱ्यांना किमान ०.७ बार (१० पीएसआय) दाब असावा. २,४०० फेऱ्यांना हे किमान सुमारे १.७ बार होते. निरोगी इंजिनात दाब याहून बराच जास्त असतो. गरम इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर असताना सुमारे १ बार दिसला तर चालते. थंड इंजिनात तोच दाब खूप वर असतो, कारण थंड तेल घट्ट असते. म्हणून तुलना नेहमी गरम इंजिनाची गरम इंजिनाशी करावी.

या गेजचा खरा उपयोग महिनोन्‌महिने होतो. गरम इंजिनात ताशी ५० च्या वेगाला जानेवारीत ३.५ बार, एप्रिलमध्ये ३.१ आणि जूनमध्ये २.५ असे दिसत असेल, तर ऋतूमुळे थोडा फरक पडतो हे मान्य करूनही बाकीचे कारण शोधावे: तेल कमी आहे, तेलात डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे, चुकीच्या दर्जाचे तेल भरले आहे, की बेअरिंग झिजले आहे? बीएस-६ गाडीत डीपीएफची सफाई वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल तेलात उतरू शकते. तेव्हा डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून समाधान मानू नये.

६. तिसरे गेज: व्होल्टमीटर

हे सर्वांत स्वस्त गेज आहे आणि बहुतेक जण ते फालतू समजतात. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे आधी काही दिवस नेहमीचे वागणे पाहून घ्यावे.

आता पट्ट्याचा विचार करा. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. शिवाय डिझेलच्या इनटेकमध्ये ब्रेक बूस्टरला पुरेल एवढी निर्वात निर्माण होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि अनेक इंजिनांत तो अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. अशा गाडीत बेल्ट तुटला तर काय होईल?

* व्होल्टमीटर लगेच १४ वरून १२.५ च्या आसपास येतो.
* पाणी फिरणे थांबते. तापमान काही मिनिटांत चढते.
* ब्रेक बूस्टरमधली साठलेली निर्वात दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते.

या तिन्हींत सर्वांत आधी हलतो तो व्होल्टमीटरचा काटा. कंपनीचा बॅटरीचा दिवाही तेव्हा लागतो, पण ‘चार्जिंगच गेले आहे, घरी जाऊन पाहू’ असे म्हणून चालक पुढे जातो. आपल्या गाडीत कोणता बेल्ट काय फिरवतो हे बॉनेट उघडून एकदा पाहून ठेवा. मग त्या दिव्याचा आणि काट्याचा अर्थ बदलेल.

७. चौथे आणि पाचवे गेज: एक्झॉस्टचे तापमान आणि बूस्ट

ही दोन टर्बो असलेल्या गाड्यांसाठी आहेत आणि ती जोडीने वाचावीत.

एक्झॉस्टचे तापमान थर्मोकपलने मोजतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले की सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. हा परिणाम सीबेक याने १८२१ मध्ये पाहिला. एक्झॉस्टसाठी सहसा ‘के’ प्रकारचे थर्मोकपल वापरतात. ते दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. एवढा बारीक विद्युतदाब साध्या वायरने वाढवून नेला तर आकडा चुकतो. त्यासाठी त्याच प्रकारची खास वायर लागते.

टर्बोच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये मोजले तर रिकाम्या फेऱ्यांना १५० ते २००, सपाट रस्त्यावर ३५० ते ५०० आणि भरलेल्या गाडीला चढावर ६०० च्या पुढे आकडा जाऊ शकतो. सतत सुमारे ७०० अंशांच्या वर राहू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. टर्बोच्या नंतर मोजले तर भार असताना आकडा १०० ते १५० अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसतो, आणि हा फरक कायम सारखा नसतो. म्हणून टर्बोच्या आधीची जागा अधिक खरी. मात्र तिथे भोक पाडताना लोखंडाचा कीस टर्बोच्या पात्यांवर जाऊ शकतो. हे काम मॅनिफोल्ड काढूनच करावे.

बूस्ट गेज टर्बोने हवेवर दिलेला जादा दाब दाखवते. दोन्ही एकत्र वाचल्यास निदान असे होते:

| बूस्ट | एक्झॉस्टचे तापमान | बहुधा कारण |
|---|---|---|
| नेहमीइतका | नेहमीइतके | ठीक |
| कमी | जास्त | हवेचा पाइप सैल किंवा फाटलेला, फिल्टर तुंबलेला, टर्बोत दोष |
| नेहमीइतका किंवा जास्त | जास्त | भार फार, किंवा डिझेल जास्त जाते आहे |
| कमी | कमी | डिझेल कमी मिळते आहे. डिझेल फिल्टर तपासा |

कंपनीने ठरवलेल्या डिझेलच्या प्रमाणावर चालणाऱ्या, क्षमतेइतकाच माल वाहणाऱ्या पिकअपला एक्झॉस्ट गेज पहिल्या तिघांइतके गरजेचे नाही. पंपाचा स्क्रू वाढवलेला असेल किंवा ‘चिप’ बसवली असेल तर मात्र ते लागतेच, आणि त्याहून बरे म्हणजे मूळ सेटिंग परत आणणे.

बीएस-६ गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासून) डीपीएफ स्वतःची सफाई करताना आतले तापमान मुद्दाम सुमारे ६०० अंशांपर्यंत नेले जाते. त्या वेळी टर्बोनंतरचे गेज वर गेले तर तो बिघाड नाही.

८. कोणती गेज घेऊ नयेत?

* *पेट्रोल गाडीचे ‘इकॉनॉमी’ व्हॅक्यूम गेज:* डिझेलच्या इनटेकमध्ये मोजण्याजोगी निर्वात नसते, त्यामुळे काटा काही सांगत नाही. ब्रेक बूस्टरच्या पाइपावरचे व्हॅक्यूम गेज ही वेगळी आणि उपयोगी वस्तू आहे.
* *अँपिअर मीटर:* त्यातून चार्जिंगचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डपर्यंत न्यावा लागतो. जाड वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. व्होल्टमीटर पुरेसा आहे.
* *कॉमन रेलच्या लाइनवर यांत्रिक प्रेशर गेज:* तिथला दाब १,००० बारच्या वर जातो. त्या लाइनला कधीही फाटा काढू नये. गळतीची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि हात किंवा बोट गमवावे लागू शकते.

९. गेजचा प्रकार आणि जोडणी

*यांत्रिक गेज* बूर्दाँ नळीवर चालते. वाकवलेली चपटी नळी आतल्या दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. हे गेज वीज नसतानाही चालते. पण ऑइलच्या यांत्रिक गेजसाठी गरम तेलाची नळी केबिनमध्ये आणावी लागते. प्लॅस्टिकची नळी तुटली तर उकळते तेल चालकाच्या पायांवर येते. म्हणून ऑइलसाठी *विद्युत गेज* घ्यावे. त्यात केबिनमध्ये केवळ वायर येते.

विद्युत गेज घेताना चार गोष्टी पाहा.

*पहिली, सेन्सर आणि गेजची जोडी.* दाबाचे काही सेन्सर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम देतात. दुसऱ्या पद्धतीचे शून्याला २४० आणि पूर्णाला ३३ ओहम देतात. एकाचे गेज आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा उलटा चालतो. दुकानातून सुटा सेन्सर घेतला तर मल्टिमीटर लावून पाहा.

*दुसरी, आटे.* १/८ एनपीटीला इंचात २७ आटे असतात आणि १/८ बीएसपीला २८. हाताला दोन्ही सारखेच वाटतात. एकात दुसरे जोर लावून बसवले तर सुरुवातीला बसते, नंतर गळते. ऑइलच्या लाइनवर अशी गळती म्हणजे जे वाचवायला निघालो तेच घालवणे.

*तिसरी, अर्थ.* एका वायरच्या सेन्सरची अर्थ त्याच्या आट्यांमधूनच इंजिनाला मिळते. टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तर अर्थ कच्ची होते आणि जादा ओहमची भर पडते. तापमानाच्या सेन्सरचा रोध तापल्यावर घटतो. त्यामुळे जादा रोध म्हणजे कमी तापमानाचा आकडा. १०–१८० ओहमच्या दाबाच्या सेन्सरमध्ये जादा रोध म्हणजे जास्त दाबाचा आकडा. दोन्ही चुका धीर देणाऱ्या दिशेने होतात, म्हणूनच त्या घातक आहेत.

*चौथी, वीज.* गेजची वीज किल्लीनंतरच्या लाइनवरून, स्वतंत्र छोट्या फ्यूजमधून घ्यावी. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नये. कंपनीचा ऑइलचा स्विच काढून टाकू नये. फाटा काढून दोन्ही ठेवावेत.

१०. ओबीडी: गेज न लावता आकडे

बीएस-६ गाडीत इंजिनाचा संगणक बरीच मापे आधीच घेत असतो. ओबीडी सॉकेटला लहान डिस्प्ले लावला की ती दिसतात. तापमान एका अंकात येते आणि त्यातून ४० वजा करायचे असतात: १२३ आले तर १२३ − ४० = ८३ अंश. इनटेकचा दाब वातावरणाच्या दाबासह येतो. झाशीला वातावरणाचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल असतो; डिस्प्लेवर १९८ दिसले तर बूस्ट १९८ − ९८ = १०० किलोपास्कल, म्हणजे १ बार.

यात मर्यादा दोन. ऑइलचा दाब बहुधा मिळत नाही, कारण अनेक पिकअपमध्ये तिथे केवळ दिव्याचा स्विच असतो. आणि कूलंट निघून गेल्यावर काट्याचे जे खोटे आपण पाहिले, ते ओबीडीच्या आकड्यालाही लागू आहे, कारण सेन्सर पाण्याचाच आहे.

११. आपल्या गाडीला काय लावावे?

* *जुनी, टर्बो नसलेली गाडी:* कूलंटचे तापमान, पातळीचा अलार्म, ऑइलचा दाब, व्होल्टमीटर.
* *टर्बो आणि कॉमन रेलची, बीएस-६ पूर्वीची गाडी:* वरील सर्व. माल जास्त आणि चढ जास्त असेल तर बूस्ट. इंधनाचे प्रमाण वाढवले असेल तर एक्झॉस्ट.
* *बीएस-६ गाडी:* ओबीडी डिस्प्ले, पातळीचा अलार्म, आणि वॉरंटी संपल्यावर ऑइलचा दाब.

पैसे थोडे असतील तर आधी नवे रेडिएटर झाकण, पातळीचा अलार्म आणि व्होल्टमीटर घ्यावा. शोभेच्या तीन तबकड्यांपेक्षा हा खर्च कारणी लागतो.

गेज लावले म्हणून क्षमतेपेक्षा जास्त माल भरता येतो असे समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. ब्रेक, टायर आणि ॲक्सल यांचा ताण तर कोणत्याच गेजवर दिसत नाही.

१२. बसवल्यावर: तपासणी आणि नोंद

तापमानाचा सेन्सर बसवण्याआधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. सेन्सरच्या अंगाला वायरने अर्थ द्यावी. झाशीत काटा ९९ च्या आसपास यायला हवा. तीन-चार अंशांहून जास्त फरक असेल तर जोडी तपासावी.

नंतर पहिले दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी: रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, सकाळ आणि दुपार, सदर बाजारातील गर्दीत रखडताना आणि महामार्गावर. यातून आपल्या गाडीचे ‘नेहमीचे’ आकडे मिळतात. छापील आकडे हा आधार आहे. खरे निदान ‘आज नेहमीपेक्षा वेगळे काय?’ यातून होते. मग त्या आकड्याजवळ तबकडीवर लाल टेपची खूण करावी, म्हणजे दुसरा चालक बसला तरी त्याला कळेल.

१३. काटा हलला तर

* *ऑइलचा दाब पडला:* गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत’ नाही.
* *तापमान चढते आहे, कूलंट आहे:* एसी बंद, हीटर पूर्ण, गीअर खाली, वेग कमी. उतरले नाही तर थांबून इंजिन थोडा वेळ रिकाम्या फेऱ्यांवर ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहील.
* *कूलंट गेले किंवा काटा अचानक पडला:* इंजिन बंद. गरम असताना झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून भाजते. गरम हेडवर थंड पाणी ओतू नये. त्याला तडा जातो.
* *व्होल्टेज पडले:* थांबून बेल्ट पाहा. बेल्ट नसेल आणि त्यावर वॉटर पंप असेल तर गाडी पुढे नेऊ नये.
* *एक्झॉस्ट ७०० च्या वर:* ॲक्सिलरेटर सोडून खालचा गीअर घ्यावा. चढ संपल्यावर टर्बो गार होण्यासाठी मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवूनच बंद करावे.

स्वाध्याय

१. हवेचे तापमान १५ अंशांवरून ४३ अंशांवर गेले तर घनता किती टक्क्यांनी घटेल?
२. चढावर तापमानाचा काटा ९८ वरून एका मिनिटात ७० वर आला. चालकाने काय समजावे व काय करावे?
३. बूस्ट नेहमी १.१ बार येतो, आज ०.६ आला आणि धूर काळा आहे. आधी काय तपासाल?
४. आपल्या ओळखीच्या एका पिकअपचे बॉनेट उघडून पाहा: वॉटर पंप, अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप कोणत्या बेल्टवर आहेत? आकृती काढा.

*उत्तरे:* (१) २८८ ÷ ३१६ = ०.९११, सुमारे ९ टक्के. (२) कूलंट निघून गेल्याची शक्यता. इंजिन बंद करावे, झाकण न उघडता गळती शोधावी. (३) टर्बो ते इनटेकपर्यंतचे पाइप व क्लॅम्प, नंतर एअर फिल्टर.